आधी बॉल, मग माती

गोल्फमध्ये वेजचा, म्हणजे जवळून बॉल उंच मारायच्या क्लबचा, शॉट फसला की माणूस आधी बॉल कुठे गेला ते बघतो. मी जमिनीकडे बघतो. बॉल ग्रीन, म्हणजे होलभोवतीचं गुळगुळीत गवत, ओलांडून पलीकडच्या झाडीत गेला असो, नाहीतर चार फुटांवर येऊन बसला असो, असं का झालं याचं उत्तर तुमच्या बुटांसमोरच्या गवतात असतं. तिथे डिव्हट, म्हणजे क्लबने गवत उडून पडणारा खड्डा, कुठे सुरू झाला, किती खोल गेला, की मुळात पडलाच नाही, एवढं नीट बघितलं तर निम्मं कोचिंग फुकटात होतं.

मी येरवड्यात वाढलो. आमच्याकडची पोरं गोल्फमध्ये शिरली ती दुसऱ्याची बॅग खांद्यावर घेऊन, मीही तसाच. कॅडीला दिवसभर डिव्हट भरावे लागतात, त्यामुळे कुठल्या साहेबांचा क्लब मातीत कुठे शिरतो हे साहेबांच्या आधी आम्हाला कळायचं. आता रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, शिकवतो, पण नजर अजून खालीच असते. शिकायला येणाऱ्यांची तक्रारही ठरलेली: "सर, ड्रायव्हर (लांब मारायचा क्लब) चाललाय, सात नंबरचा क्लब बरा लागतो, पण ग्रीनच्या पन्नास यार्ड अलीकडे आलो की काय होतं कळत नाही." हा लेख त्या 20 ते 80 यार्डांसाठी आहे. बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, यात धरलेला नाही. सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून लिहिलंय, डावखुऱ्यांनी पाय उलटे वाचावेत.

डफ आणि टॉप

दोन चुका सगळ्यांना छळतात. एक डफ: क्लब बॉलच्या मागे मातीत रुततो, गवताचा तुकडा बॉलपेक्षा लांब उडतो. दुसरी थिन, जिला आपल्याकडे सरसकट टॉपच म्हणतात: क्लबची खालची धार बॉलच्या पोटात बसते आणि बॉल गुडघ्याच्या उंचीवरून सुसाट ग्रीनपलीकडे. लोक या दोन उलट्या चुका समजतात. डफ झाला की पुढचा शॉट जरा वरून मारतात, मग टॉप होतो. टॉप झाला म्हणून पुढच्याला खाली जातात, परत डफ. अशी बॉलची अख्खी बादली संपते.

मूळ दोन्हीचं एकच आहे. क्लबहेड खाली येतो, एका ठिकाणी सगळ्यात खाली पोचतो आणि मग वर चढायला लागतो. हा तळाचा बिंदू बॉलच्या मागे पडला की दोनच गोष्टी होऊ शकतात. तो जमिनीत असेल तर डफ. जमिनीच्या जरा वर असेल तर क्लब चढता चढता बॉलला गाठतो, म्हणजे टॉप. म्हणून वरून मारू की खालून हा विचारच सोडून द्या. तळाचा बिंदू बॉलच्या पुढे, पिनच्या (होलमधल्या झेंड्याच्या) बाजूला न्यायचा, बास. छोट्या पिचला, म्हणजे ग्रीनवर उंच टाकायच्या शॉटला, बॉलच्या पुढे दोनेक बोटं पुरतात, पूर्ण स्विंगला तीन-चार.

यात चुकायला जागा किती आहे ते बघा. नियमाप्रमाणे बॉलचा व्यास 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. म्हणजे त्याची कंबर जमिनीपासून जेमतेम 21 मिलिमीटरवर. क्लब त्या उंचीला बॉलवर आला की टॉप ठरलेला. टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, ठेवलेल्या बॉलला ही चूक खपते, आखूड कापलेल्या गवतावर खपत नाही.

चुन्याची रेघ

याला महागडं यंत्र लागत नाही. क्रिकेटच्या मैदानावर क्रीज आखायला जी पांढरी पावडर वापरतात ती मूठभर आणा. रेंजवर गवतावरून मारायची जागा असेल तिथे, पिनच्या दिशेला आडवी, अशी दीडेक मीटर लांबीची सरळ रेघ ओढा. माळीबुवांना विचारून, कारण गवत त्यांचं आहे आणि तुमच्या कॉन्टॅक्टशी त्यांना देणंघेणं नाही. पावडर नसेल तर टीच्या टोकाने ओरखडा काढला तरी चालतो.

रेघ दोन पायांच्या मधोमध येईल असे उभे राहा. बॉल नको. छप्पन अंशाच्या वेजने अर्धा स्विंग करा, हात कंबरेपर्यंत मागे, कंबरेपर्यंत पुढे. मग थांबा आणि खाली बघा. गवत रेघेच्या मागे खरवडलं गेलंय, रेघेवर, की पुढे? रेघेला धरून वीतभर सरका, परत मारा. रेघ संपेपर्यंत सात-आठ खुणा होतील. मग मागे येऊन सगळ्या खुणा एकत्र बघा. नवशिक्याच्या खुणा रेघेच्या दोन्ही बाजूंना विखुरलेल्या दिसतात. जुना पण कच्चा खेळाडू असेल तर सगळ्या खुणा रेघेच्या मागे, अगदी शिस्तीत रांगेत. याला सुधारणं सोपं असतं, कारण हा नेमाने एकच चूक करतो.

खूण रेघेवर किंवा पुढे सुरू व्हायला लागली की रेघेवर बॉल ठेवा. इथे गंमत होते. बॉल नसताना सुरेख पुढे पडणारी खूण बॉल आल्याबरोबर मागे सरकते. हात तेच, क्लब तोच, फक्त डोक्यात "आता मारायचंय" आलेलं असतं. तसं झालं तर बॉल काढा, दोन स्विंग रेघेवर, मग परत बॉल. जबरदस्ती करू नका.

खूण नुसती कुठे आहे एवढंच बघून थांबू नका. ती किती खोल आहे? छोट्या पिचला मातीचा खड्डा पडायला नको, गवताचे शेंडे झाडल्यासारखी पट्टी दिसली पाहिजे. हातभर लांब, खोल डिव्हट निघत असेल तर क्लब कुऱ्हाडीसारखा वरून येतोय. खुणेची एकच बाजू खोल आहे का? बुटांकडची बाजू खोल असेल तर क्लबची टाच आधी लागतेय, पलीकडची खोल असेल तर टो, म्हणजे क्लबचं टोक. पुष्कळदा तुम्ही बॉलपासून फार जवळ किंवा फार लांब उभे असता म्हणून हे होतं.

आता रेंजवरच्या नकली गवताच्या मॅटबद्दल. मॅट खोटं बोलते. बॉलच्या दोन इंच मागे क्लब पडला तरी तो मॅटवरून घसरत बॉलला जाऊन लागतो, आवाज छान येतो, बॉलही उडतो आणि माणूस खूश होऊन घरी जातो. रविवारी कोर्सवर तोच स्विंग मातीत रुततो, मग "रेंजवर तर लागत होता" ही कहाणी. मॅटशिवाय पर्याय नसेल तर नॅपकीनची घडी करून बॉलच्या सहा इंच मागे ठेवा. क्लब नॅपकीनला लागता कामा नये. जमायला लागलं की चार इंचांवर आणा. नॅपकीन पातळच घ्या, जाड टॉवेलात क्लब अडकून मनगट दुखावलेले लोक मी बघितलेत.

उभं राहणं

टाचांमध्ये एक बूट मावेल एवढंच अंतर. लोक ड्रायव्हरसारखे पाय फाकवून वेज मारतात, मग वजन उजवीकडे जातं आणि वेळेत परत येत नाही. डाव्या पायाचा पंजा जरा पिनकडे उघडा. बॉल दोन टाचांच्या मधोमध. पंजांच्या मधे बघून अंदाज घेऊ नका, डावा पंजा उघडा असल्यामुळे तिथून नजर फसते.

वजन निम्म्याहून थोडं जास्त डाव्या पायावर, साधारण 60 टक्के, आणि ते तिथेच राहू द्या. एवढ्या छोट्या स्विंगला वजनाने येरझारा घालायचं काही कारण नाही. शर्टाचं वरून तिसरं बटण बॉलच्या बरोबर वर किंवा केसभर पुढे. ग्रिप इंचभर आखूड धरा.

हात कुठे ठेवायचे यावर मात्र जास्त बोलायला हवं, कारण इथे अर्धवट ऐकलेल्या सल्ल्याने फार नुकसान केलंय. "खाली मार, हात पुढे ठेव" हे सगळ्यांच्या कानावर पडलेलं असतं. मग लोक बॉल उजव्या पायाकडे ढकलतात आणि हात डाव्या मांडीच्याही पुढे नेतात. दिसायला टीव्हीवरच्या प्रोसारखं दिसतं. पण तुमच्या वेजच्या तळाला काय लिहिलंय ते वाचा: 56 आणि शेजारी 10, असं काहीतरी. 56 म्हणजे लॉफ्ट, फेस (बॉलला लागणारी बाजू) मागे कललेला कोन. 10 म्हणजे बाउन्स. क्लब सरळ धरला तर त्याचा तळ पुढच्या धारेपेक्षा खाली लोंबतो, त्याचा हा कोन. हा फुगीर तळ क्लबला जमिनीत शिरू देत नाही, वरून सरकवतो. आता शाफ्ट, म्हणजे क्लबची दांडी, 10 अंश पुढे झुकवा. बाउन्स उरला शून्य, लॉफ्ट झाला 46. म्हणजे छप्पनच्या वेजचे पैसे मोजून तुम्ही धार लावलेला पिचिंग वेज हातात घेतलात. तो बॉलच्या अर्धा इंच मागे पडला तरी जमिनीत शिरून बसणार. तोच क्लब हात पट्ट्याच्या बकलच्या किंचित डावीकडे ठेवून मारला तर अर्ध्या इंचाची चूक तळ पोटात घालतो.

हा तळ आला कुठून, तर जुना अमेरिकन गोल्फर जीन साराझेन याच्याकडून. त्याच्या काळच्या पातळ धारेच्या क्लबने वाळूत आणि मऊ मातीत हेच रडगाणं चालायचं. त्याने क्लबच्या तळाला मागच्या बाजूने शिशाचा डाग देऊन तो जड आणि फुगीर केला आणि 1932 साली इंग्लंडमधल्या प्रिन्सेस कोर्सवर तो क्लब बॅगेत घेऊन ब्रिटिश ओपन जिंकली. इतक्या वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न आपण हात पुढे दाबून दर शनिवारी परत उभा करतो.

क्रिकेटची खोड

माझ्याकडे येणारे बहुतेक लोक आधी क्रिकेट खेळलेले असतात. त्याचे फायदे आहेत, हात-डोळ्यांचा मेळ चांगला असतो. पण वेजला ते नडतं. क्रिकेटमध्ये चेंडू उसळून येतो आणि उंच मारायचा तर बॅट त्याच्या खाली घालून वर न्यावी लागते. गोल्फचा बॉल निपचित पडलेला असतो. त्याला उचलायचं काम लॉफ्ट करतो. तुम्ही उचलायला गेलात की उजवा खांदा खाली पडतो, वजन मागच्या पायावर जातं, मनगटं क्लबहेडला हातांच्या पुढे फेकतात आणि तळाचा बिंदू बॉलच्या मागे.

एक निवृत्त बँक अधिकारी यायचे माझ्याकडे. कॉलेजात सलामीला खेळलेले. पिचचा शॉट मारून झाला की त्यांच्या डाव्या बुटाचं टोक हवेत असायचं, अगदी दोन बोटं. मी विचारलं, "साहेब, बॉल कोणी उचलायचा?"

"मी. अजून कोण?"

"मग क्लबवर छप्पन लिहिलंय ते कशाला?"

बोलून काही उपयोग झाला नाही, होतही नाही. मी त्यांना उजवा पाय फूटभर मागे घेऊन फक्त बोटांवर टेकवायला लावला. असं उभं राहिलं की सगळं वजन डाव्या पायावर येतं आणि मागे झुकायला आधारच उरत नाही. झुकलात तर पडाल. पहिले दोन बॉल त्यांनी घाबरत मारले. तिसऱ्याला तो आवाज आला, जो एकदा ऐकला की विसरत नाही: आधी टक, मग गवताचा हलका सर्र. बॉल खालून निघून मग वर चढला. ते म्हणाले, "हे तर काहीच न केल्यासारखं वाटतंय." मी म्हटलं, तेच करायचंय. हा सराव रोज बादलीच्या सुरुवातीला करा, दहा बॉल तरी.

दुसरा सराव, एकट्या उजव्या हाताने. क्लब ग्रिपच्या मधोमध धरा, डावा हात छातीवर, दहा-पंधरा यार्डांचे लहान पिच मारा. एका हाताने क्लब दाबता येत नाही, त्यामुळे तळ जमिनीवरून सरकताना कसा लागतो ते तळहाताला कळतं. हात आखडला की लगेच रुततो. आणि हे करताना छाती पिनकडे वळत राहिली पाहिजे. ती थांबली की हात एकटे पुढे धावतात आणि मनगट पलटी मारतं.

यावरून आठवलं. कोर्सवरचा प्रत्येक फुकटचा सल्लागार एकच वाक्य बोलतो: "डोकं वर आलं." मी या वाक्याचा शत्रू आहे. टॉप झाला की डोकं वर आलेलं दिसतंच, कारण तळाचा बिंदू मागे राहिला की अंग वर उठून क्लबला वाट देतं. तो परिणाम असतो. मग बिचारा डोकं खाली गाडून उभा राहतो, त्याने छाती अडकते, हात पलटतात आणि पुन्हा टॉप. बॉल निघाल्यावर डोकं वळू द्या. शॉट संपताना पट्ट्याचं बकल पिनकडे, क्लब छातीसमोर, वजन डाव्या टाचेवर. तिथे दोन सेकंद थांबता आलं तर स्विंग बरा झाला समजा.

स्विंगची लांबी थोडक्यात सांगतो. कच्चा कॉन्टॅक्ट असणारे जवळजवळ सगळे मागे फार लांब जातात आणि "अरे, फार झालं" म्हणून खाली येताना ब्रेक मारतात. ब्रेक लागला की क्लबहेड लवकर जमिनीवर. मागे कमी जा आणि पुढे तेवढंच किंवा थोडं जास्त या. हात मांडीपर्यंत, कंबरेपर्यंत, छातीपर्यंत अशा तीन मापांवर तुमच्या प्रत्येक वेजची कॅरी, म्हणजे बॉलचं हवेतलं अंतर, किती पडते ते मोजून वहीत लिहून ठेवा. दुसऱ्याचे आकडे वापरू नका.

फेसवर कुठे लागतो

जमिनीचा हिशोब जमला की फेसचा बघा. व्हाइटबोर्डवर लिहायचा मार्कर घ्या, बॉलच्या मागच्या बाजूला जाड ठिपका काढा आणि तो ठिपका क्लबकडे करून मारा. फेसवर ठसा उमटतो, बोटाने पुसता येतो. पिचसाठी ठसा मधल्या रेषेवर पण खालच्या अंगाला हवा, खालून दुसऱ्या ते चौथ्या ग्रूव्हच्या (फेसवरच्या खाचेच्या) आसपास. तिथे लागलेला बॉल कमी उंचीवर निघतो आणि ग्रीनवर चावतो. ठसा वर, फेसच्या कपाळाला असेल तर बॉल उंच जाऊन अर्ध्यातच गळतो. भुसभुशीत रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, जिथे बॉल गवतावर तरंगत असतो, तिथे हे फार होतं: क्लब खालून निघून जातो. तिथे क्लब जमिनीला टेकवू नका, बॉलच्या उंचीला धरून उभे राहा आणि सपाट झाडून काढा.

ठसा सारखा टाचेकडे येत असेल तर शँक, म्हणजे क्लबच्या सांध्याला लागून आडवा जाणारा शॉट, दाराशी आलाय. वेजला शँक होतो तो मुख्यतः वजन पंजांवर झुकल्याने. अंग बॉलकडे सरकतं आणि शाफ्टचा सांधा बॉलला भेटतो. बॉलच्या पलीकडे, दीड इंचावर एक टी खोचा आणि टीला न लागता बॉल मारा. उभं राहण्याआधी बुटात पायाची बोटं एकदा वर उचलून बघा, उचलता येत नसतील तर वजन पुढे गेलंय. एवढ्यावर बहुतेकांचा शँक सुटतो.

जून ते मे

परदेशी कोचचे व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांना एक गोष्ट कोणी सांगत नाही. आपली जमीन वर्षात तीनदा बदलते.

पावसाळ्यात, खारघरसारख्या ठिकाणी तर विचारूच नका, वरची माती लोण्यासारखी मऊ होते. क्लब टेकला की आत. अशा वेळी बाउन्स तुमचा मित्र. 12 किंवा 14 बाउन्सचा वेज असेल तर तो काढा. नसेल तर आहे त्याचाच फेस किंचित उघडा, बाउन्स वाढतो. हात बकलच्या पुढे अजिबात नकोत. बॉल मधोमधच. डिव्हट काढायचा मोह टाळा, गवत झाडल्यासारखा शॉट मारा. फेस आणि बॉलच्या मधे पाणी शिरलं की घर्षण कमी होतं, बॉल फेसवरून वर सरकतो, उंच निघतो आणि स्पिन कमी पडते. म्हणून बॅगेला एक कोरडा फडका बांधा आणि प्रत्येक शॉटच्या आधी फेस पुसा. नियम लक्षात ठेवा: बॉल आपल्याच पडण्याने मातीत रुतला असेल तर बंकर, पेनल्टी एरिया (पाणवठ्यासारखी आखलेली जागा) आणि ग्रीन सोडून बाकी कोर्सवर गोल्फच्या नियम 16.3 खाली फुकट ड्रॉप मिळतो. फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या पट्ट्यात, बॉल उचलून पुसून ठेवायची मुभा मात्र कमिटीने तसा स्थानिक नियम लावला असेल तरच. खेळ सुरू करून देणाऱ्या स्टार्टरला विचारून घ्या, गृहीत धरू नका.

दसऱ्यापासून पुढे थंडीभर जमीन सगळ्यात छान असते. खाली थोडा ओलावा, वर घट्ट गवत. नवीन काही शिकायचं तर या महिन्यांत शिका. पावसात शिकलेला स्विंग मार्चमध्ये कोसळतो.

मार्चनंतर पुण्याच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी मातीचा थर पातळ, खाली मुरूम, वर वाळलेलं आखूड गवत. पावसात वाचवणारा जाड बाउन्स इथे उलटतो: तळ जमिनीवर आपटून उसळतो आणि धार बॉलच्या कमरेत. 6 ते 8 बाउन्सचा वेज घ्या. फेस उघडू नका. वजन डावीकडे अजून थोडं वाढवा, मनगटं शांत ठेवा आणि शक्य तिथे छप्पनऐवजी बावन्न अंशाने खालून निघणारा, घरंगळत जाणारा शॉट निवडा. उघड्या मुरमावरून साठ अंशाचा लॉब मारायला निघालेल्या साहेबांना मी कॅडी असतानाही क्लब देताना जरा वेळ लावायचो.

गवताची दिशाही बघा. आपल्याकडे फेअरवेवर बहुतेक बर्मुडा असतं आणि त्याची पाती एका बाजूला कलतात. तुमच्या बाजूने बघताना गवत फिकट, चमकदार दिसलं तर ते पिनकडे झुकलंय, क्लब सहज सरकेल. गडद दिसलं तर पाती तुमच्याकडे वळलेली आहेत आणि धार त्यांच्यात अडकणार. ग्रीनच्या तोंडाशी गडद गवतात बॉल असेल तर शाफ्ट पुढे झुकवणं म्हणजे हाताने डफ मागवणं. शंका असली तर बाजूला तशाच गवतात एक सरावाचा स्विंग घ्या, त्याला मनाई नाही. बॉलच्या मागचं गवत क्लबने दाबून बसवणं ही मात्र लाय (बॉल बसलेली जागा) सुधारणं झाली, तिथे पेनल्टी आहे. आणि बंकरमध्ये सरावाच्या स्विंगला वाळूला स्पर्शही चालत नाही.

क्लबची निगा

सेकंडहँड वेज घेणाऱ्यांनी फेसवर उभं नख फिरवून बघावं. प्रत्येक ग्रूव्हच्या कडेला नख अडलं पाहिजे. सुळकन सरकलं तर तो क्लब सरावाला ठेवा. ग्रूव्ह टूथब्रश आणि पाण्याने साफ करा, तारेने घासू नका. मातीने भरलेल्या ग्रूव्हला कॉन्टॅक्ट कितीही सुबक झाला तरी स्पिन मिळत नाही. रेंजचे बॉल कडक असतात, त्यांच्यावरून स्पिनचा अंदाज बांधू नका. रेंजवर फक्त खूण आणि ठसा बघायचा.

पिचिंग वेज 46 चा असेल तर पुढे 52 आणि 56 एवढे दोन पुरतात. साठचा वेज हँडिकॅप (जितका कमी तितका खेळ चांगला) अठराच्या खाली येईपर्यंत घेऊ नका असं माझं मत आहे. दुकानदाराचं मत वेगळं असणारच.

कोर्सवर

राउंडमध्ये रेघ नसते, नॅपकीनही नसतो. बॉलच्या शेजारी एक सरावाचा स्विंग घ्या आणि क्लबने गवत कुठे झाडलं तेवढंच बघा. डाव्या टाचेच्या आतल्या बाजूच्या जवळ झाडलं असेल तर बॉलपाशी जा आणि रेंगाळू नका. बॉलवर उभं राहून विचार करत बसलं की हात आवळले जातात. बघायचंच तर बॉलच्या पुढच्या, पिनकडच्या कडेजवळच्या गवताच्या पात्याकडे बघा.

आणि एखाद्या दिवशी काहीही केलं तरी डफ-टॉप, डफ-टॉप सुरू राहतं. होतं तसं, प्रोंनाही होतं. तेव्हा मधल्या होलवर स्विंगची डागडुजी करत बसू नका. ग्रीनच्या 30 यार्डांच्या आत आणि मधे बंकर नसेल तर नऊ नंबरचा क्लब काढा. पाय जवळ, ग्रिप आखूड, बॉल मधल्यापेक्षा किंचित उजवीकडे, हात शांत, पटसारखा, म्हणजे ग्रीनवर बॉल घरंगळवतात तसा, स्ट्रोक. बॉल ग्रीनच्या कडेच्या आत दोन पावलांवर पाडा आणि उरलेलं अंतर त्याला घरंगळू द्या. पिन कडेपासून अगदीच जवळ असेल तर बॉल पुढे जाईल, तो पुढे गेलेला चालतो. परतीचा पट मिळतो. पाऊस असेल तर ग्रीन मऊ असतं, घरंगळ कमी होते, तेव्हा नऊऐवजी आठ घ्या.